ऐकणं आणि करणं : पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून आज्ञापालनाचा एक पाठ



स्मरणिकेसाठी "श्रद्धा आणि सेवा" यावर काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी थोडा बिचकलो. आपल्या मंडळात गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि डिसेंबरात आमच्यासारख्या चार-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी नाताळची करंजी खायला सगळेच येतात. अशा सगळ्यांच्या पुस्तिकेत ख्रिस्ती श्रद्धेबद्दल लिहायचं, तर ते प्रवचन होऊ नये, आणि अगदी गुळमुळीतही होऊ नये. म्हणून एक शब्द आणि एक बाई, एवढंच घेऊन बसलो आहे. शब्द आहे "ऐकणे". बाई आहेत पंडिता रमाबाई.

आपल्या भाषेतला एक शब्द

आपण मराठीत "ऐकणे" हा शब्द दोन अर्थांनी वापरतो, हे कधी लक्षात आलंय का? "गाणं ऐकलं" म्हणजे कानावर पडलं. पण "पोरगा माझं ऐकत नाही" असं आई म्हणते, तेव्हा पोराच्या कानात दोष आहे असं तिला म्हणायचं नसतं. त्याला चांगलं ऐकू येतं. तो तसं वागत नाही, ही तक्रार असते. "सुनबाई, ऐक माझं" म्हणजे नुसतं कान दे नव्हे. मी सांगते तसं कर.

गंमत अशी की बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत आहे, तिथेही असंच आहे. "शमा" या एकाच क्रियापदाने ऐकणंही होतं आणि आज्ञा पाळणंही होतं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आज्ञापालनासाठी जो शब्द आहे, तोही "ऐकणे" याच धातूपासून निघालेला. म्हणजे त्या लोकांच्या मनात ऐकणं आणि करणं यांच्यामध्ये भिंतच नव्हती. जो करत नाही, त्याने ऐकलंच नाही, असा साधा हिशेब.

आपल्याकडे "आज्ञापालन" म्हटलं की शाळेचे मास्तर, छडी आणि हाताची घडी आठवते. हुकूम आला, मान खाली घालून पाळला. पण ख्रिस्ती श्रद्धेत जे आज्ञापालन सांगितलं आहे ते हुकमाच्या जवळचं नाही, ते "ऐक माझं" याच्या जवळचं आहे. ज्याच्यावर आपला भरवसा आहे तो सांगतो, आणि आपण उठून कामाला लागतो.

ग्रंथात काय सांगितलं आहे?

तीन ठिकाणं बघू या. ज्यांच्या घरी मराठी बायबल आहे त्यांनी काढून वाचावं, बाकीच्यांसाठी मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिलं ठिकाण, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय. एका बापाला दोन मुलगे. बाप थोरल्याला म्हणतो, आज मळ्यात जाऊन काम कर. तो तोंडावर "नाही जात" म्हणतो. पण मागाहून त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. धाकटा म्हणतो "हो बाबा, निघालोच," आणि जात नाही. येशू विचारतो, बापाची इच्छा कोणी पूर्ण केली? उत्तर ऐकणाऱ्यांनीच दिलं. जो गेला त्याने.

दुसरं ठिकाण, लूकच्या १० व्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. ती आपल्यापैकी पुष्कळांनी कॉन्व्हेंटच्या शाळेत ऐकलेली असेल. लुटारूंनी मारून अर्धमेला केलेला माणूस रस्त्यात पडलाय, धर्माचे दोन जाणकार बाजूने निघून जातात, आणि ज्याला लोक परका आणि हलका समजत तो शोमरोनी थांबतो. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण शेवटचा भाग बहुतेकजण विसरतात. तो त्या जखमी माणसाला खानावळीत नेतो, खानावळवाल्याला दोन नाणी देतो आणि सांगतो, याची काळजी घे, वर काही खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरून देईन. म्हणजे मंडळी, हे आपल्या भाषेत "प्लेज" झालं! आत्ताचे पैसे आणि पुढचं वचन. ही गोष्ट दयेची आहे तशीच ती दिलेल्या शब्दाचीही आहे.

तिसरं ठिकाण याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, पोटाला नाही, आणि आपण त्यांना "सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणून वाटेला लावलं, तर त्याचा काय उपयोग, असं याकोब विचारतो. कृती नसेल तर विश्वास मेलेला आहे, असं त्याचं म्हणणं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. चांगली कामं केली की देव खूश होतो आणि पुण्य जमा होतं, असा हा व्यवहार नाही. ख्रिस्ती शिकवणीत देवाचं प्रेम आधी आहे, ते फुकट मिळतं, कमवावं लागत नाही. आंब्याला कैऱ्या लागतात म्हणून तो आंबा होत नाही. तो आंबा आहे म्हणून कैऱ्या लागतात. पण वर्षानुवर्षं एकही कैरी लागली नाही, तर मालक झाडाकडे काळजीने बघणारच.

ज्या बाईने सहजासहजी कोणाचं ऐकलं नाही

आता रमाबाईंकडे येऊ. आज्ञापालनाच्या पाठासाठी त्यांना निवडलं याचं काहींना नवल वाटेल. कारण रमाबाई म्हणजे आयुष्यभर "का?" विचारणारी बाई.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळला, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर, लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचं पटकीने निधन झालं. वय तेवीस, कडेवर तान्ही पोर.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असं सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वॉन्टेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टर्स, ज्यांना समाजाने "बिघडलेल्या" म्हणून टाकलं होतं अशा स्त्रियांना सांभाळत. ते काम रमाबाईंनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग सांगितला आहे. आधी कृती पाहिली, मग ग्रंथ ऐकला, असा तो क्रम आहे, हे लक्षात ठेवा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग कोणाचं ऐकायचं?

बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई आता मुकाट्याने ऐकतील, असं त्यांच्या इंग्लंडमधल्या वडीलधाऱ्यांना वाटलं असावं. झालं उलटंच. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील स्वरूपात वाचायला मिळतो. चर्चचं सगळं म्हणणं निमूट मान्य कर, असा आग्रह एका बाजूला. आणि एका पुरोहितशाहीतून सुटून आले ते दुसरीत अडकायला नव्हे, मला माझ्या सद्सद्विवेकाने चालू द्या, हे रमाबाईंचं म्हणणं दुसऱ्या बाजूला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, लॅटिनमध्ये असं काय अधिक पवित्र आहे, इथपर्यंत वाद झाला! मांसाहार त्यांनी केला नाही तो नाहीच.

सिस्टरना यात अहंकार दिसला. मला मात्र यात आज्ञापालनाचा पहिला धडा दिसतो. जो प्रत्येकाचं ऐकतो, तो खरं तर कोणाचंच ऐकत नाही. ज्याला एकाचं मनापासून ऐकायचं आहे, त्याला बाकीच्या पुष्कळांना "नाही" म्हणावं लागतं. दोन मुलग्यांच्या गोष्टीतल्या थोरल्यासारखं, रमाबाईंच्या तोंडून बऱ्याचदा "नाही" आलं. पण मळ्यात गेल्या त्याच.

फिलाडेल्फिया ते चौपाटी

आता आपल्या इकडचा भाग. १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला उतरल्या त्या आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ रोजी विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला आहेत, तिकडे आपल्यापैकी काही जण जाऊनही आले असतील.

रमाबाई आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. बालवाडीची पद्धत शिकल्या, शहरोशहरी व्याख्यानं दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. पुस्तकाच्या शेवटी मागणी स्पष्ट होती : बालविधवांना राहायला जागा आणि शिक्षण हवं आहे, मदत करा.

१८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक; उपाध्यक्षांत एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स आणि मेथॉडिस्ट फ्रान्सिस विलार्ड. वेगवेगळ्या चर्चची माणसं एका यादीत आली. गावोगाव "रमाबाई सर्कल" निघाली, आणि सभासदांनी दहा वर्षं वर्गणी द्यायचं कबूल केलं. एक वर्ष नव्हे, दहा. पुण्यातल्या कोणा अनोळखी विधवेच्या जेवणासाठी आणि पाटी-पुस्तकासाठी.

मला या दहा वर्षांचं फार अप्रूप वाटतं. टाळ्या वाजवून एकदा चेक फाडणं सोपं असतं. पाचव्या वर्षी, व्याख्यान विसरलेलं असताना, बाईंचा चेहरा पुसट झालेला असताना, पुन्हा चेक लिहिणं म्हणजे "ऐकणं".

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई नातू म्हणजे पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या बाया कर्वे. आज ज्या कर्वे संस्थेत आपल्यापैकी कित्येकींच्या आया-आज्या शिकल्या, तिच्या मुळाशी या वर्गणीचंही थोडं पाणी आहे.

अडचणीचं पान

रमाबाईंची गोष्ट सांगताना १८९३ चं पान उलटून पुढे जाता येत नाही. शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला आलं होतं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असा शब्द होता, आणि त्याच शब्दावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत, आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पालक बिथरले, केसरीने कोरडे ओढले, पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या आणि सल्लागारांनी राजीनामे दिले.

यात बरोबर कोण? रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. माझी श्रद्धा मी कुलुपात ठेवू शकत नाही. पालक म्हणत, आम्ही मुली शिकायला पाठवल्या होत्या. ख्रिस्ती माणूस म्हणून माझी सहानुभूती रमाबाईंकडे आहे हे कबूल करतो. पण एक बाप म्हणून त्या पालकांची घालमेलही कळते. दुर्बळ माणसाला मदत देताना त्याच्या श्रद्धेवर आपला हात जड पडतो का, हे मदत करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. शोमरोन्याने जखमी माणसाला पट्ट्या बांधताना तू कोणाची उपासना करतोस, हे विचारल्याचं गोष्टीत कुठेही नाही.

अंदाजपत्रकात नसलेल्या मुली

केडगावला, पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवर, रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. हेतू साधा : अमेरिकेतल्या मंडळींची दहा वर्षं संपली की पुढे काय? फळबाग लावू, तिच्या उत्पन्नावर सदन चालवू. देणगीदारांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. मदत संपण्याचा दिवस त्यांनी मदत चालू असतानाच डोळ्यापुढे ठेवला होता.

पण बागेला फळं धरायच्या आधी १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. आईबाप मेलेल्या पोरी रस्त्यावर, आणि त्यांना उचलून नेणारे दलाल टपलेले. असोसिएशनचे पैसे शारदा सदनातल्या विधवांसाठी होते. दुष्काळातल्या मुलींची सोय त्यात धरलेली नव्हती. नाही म्हणायला इतकं चांगलं, सभ्य कारण क्वचितच मिळतं. "आमच्या बजेटमध्ये बसत नाही." आपणही कमिटीच्या मीटिंगमध्ये कितीदा म्हणतो!

पण रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवत होती. जंगलात पाला खाऊन काढलेले दिवस, आईवडिलांचा शेवट. त्या स्वतः उठून मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. तोवर पुण्यात प्लेग. सरकारी निर्बंधांमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या रानात झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच मुक्ति सदन झालं. १८९८ मध्ये त्याच्या इमारतीचं समर्पण झालं. शारदा सदन मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. दुष्काळाने ती ओळ पुसून टाकली. मुक्तीत कुठल्याही जातीची मुलगी आली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचं रोजचं जेवण म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या स्वयंपाकात ज्यांनी दोनशे लोकांसाठी बटाटे सोललेत त्यांना विचारा!

आणि नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. माग, शिवण, घाणा, दुभती जनावरं, शेती, छापखाना, सगळं मुली आणि बायका चालवत. अंधांसाठी बार्तीमय सदन. मनोरमाबाई, ज्या इथे न्यूयॉर्क राज्यात शिकून गेल्या होत्या, त्या अंध मुलींना ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीति सदन. लंडनच्या फुलहॅममध्ये पाहिलेलं काम पंधरा वर्षांनी केडगावच्या माळावर उभं राहिलं. ऐकलेलं कधी ना कधी हातात उतरतं, ते असं.

शेवटचं काम

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं काम मला सगळ्यात भावतं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचं मराठी भाषांतर एकटीने केलं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होतं, त्या बाईने जड संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले. का? तर खेड्यातल्या, थोडंच वाचता येणाऱ्या बाईला ते कळावं. आपल्याला येतं ते मिरवायचं नाही, समोरच्याला कळेल ते द्यायचं. हेही आज्ञापालनच. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, जुळारी मुक्तीच्याच बायका. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेल्या. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम तडीला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. केडगावची संस्था आजही चालू आहे.

असं करणारी ही एकच व्यक्ती नव्हे. न्यू हॅम्पशरमधून १८२७ साली निघालेल्या सिंथिया फेरार या अविवाहित शिक्षिकेने आपलं आयुष्य मुंबई आणि अहमदनगरच्या मुलींच्या शाळांत घातलं. नगरची त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्याला मुलींची शाळा काढायचं पक्कं झालं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर झालेले, मूळचे कॅनडातले विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभारलं आणि १९२८ पर्यंत तिथे शस्त्रक्रिया केल्या. सांगली-मिरजेकडच्या मंडळींना वानलेसवाडी सांगायला नको. यांची मतं आपल्याला सगळी पटतील असं नाही. पण ती माणसं "हो बाबा" म्हणून घरी बसली नाहीत.

माझं स्वतःचं पान

आता कबुली. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात स्लाइड शो पाहिला, डोळे भरून आले, आणि एका मुलीचं दहावीपर्यंतचं शिक्षण आम्ही करू असं मी फॉर्मवर लिहून दिलं. पहिल्या वर्षीचा चेक गेला. दुसऱ्या वर्षी घर बदललं, नोकरीची गडबड, आलेलं पत्र कागदांच्या गठ्ठ्यात राहिलं. तिसऱ्या वर्षी लाज वाटली म्हणून पत्र उघडलं नाही. शेवटी बायकोने उघडलं. त्यात तक्रार नव्हती, मुलीची गुणपत्रिका होती, आणि कोणीतरी दुसऱ्याने फी भरली होती हे त्यातून कळलं.

मी त्या वेळी दर रविवारी चर्चला जात होतो. याकोबाच्या पत्रावर एकदा अभ्यासवर्गही घेतला होता! दोन मुलग्यांपैकी मी कोणता, हे सांगायला मला कोणी विद्वान लागला नाही. राहिलेली रक्कम पाठवली, ते पुढे चालू आहे. पण ती दोन वर्षं त्या मुलीच्या घरी काय धाकधूक झाली असेल ते मला पुसता येत नाही. म्हणून हा लेख दुसऱ्यांना शिकवायला लिहिलेला नाही, स्वतःला ऐकवायला लिहिलाय असं समजा.

आपल्यासाठी चार गोष्टी

पहिली : जेवढं निभेल तेवढंच कबूल करा, आणि कबूल केलेलं निभवा. महिना वीस डॉलर पाच वर्षं हे एकदाच्या हजारापेक्षा संस्थेच्या जास्त उपयोगी पडतं, कारण खानावळवाल्याला पुढचा हिशेब मांडता येतो. ऑटोमॅटिक पेमेंट लावून टाका. आपल्या आठवणीवर विश्वास नको.

दुसरी : विचारा. रमाबाईंनी चर्चलाही प्रश्न विचारले. देणगी देताना पैसे कुठे जातात, हिशेब दाखवा, असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगली संस्था असे प्रश्न आनंदाने घेते.

तिसरी : मदत संपेल त्या दिवसाचा विचार आजच करा. केडगावची फळबाग आठवा.

चौथी : बजेटमध्ये न बसणारी मुलगी दारात आली तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवता येत नाही. तेव्हा फक्त कान उघडे ठेवायचे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मी कोणाला "हो" म्हणून ठेवलंय आणि अजून मळ्यात गेलो नाही?
२. रमाबाईंनी वडीलधाऱ्यांचं ऐकलं नाही ते योग्य झालं का? विवेकाचा आवाज आणि हट्ट यांत फरक कसा करायचा?
३. १८९३ मध्ये तुम्ही सल्लागार असता तर राजीनामा दिला असता का?
४. आपल्या मंडळाच्या मदतीत, घेणाऱ्याच्या श्रद्धेचा आणि स्वाभिमानाचा मान राखला जातो का?

मंडळी, कार्यक्रमाच्या दिवशी बाहेरच्या टेबलावर प्लेज कार्डं ठेवलेली असतील. ख्रिस्ती असा, हिंदू असा, जैन असा, काहीच नसा, कार्ड उचलताना शांतपणे विचार करा, आणि आकडा लहान असला तरी खरा लिहा. आणि पुढच्या वर्षी आठवणीचं पत्र येईल, ते त्याच दिवशी उघडा. मी आता तसंच करतो.

देव सगळ्यांचं भलं करो. भेटू या, चहाला!